पार्किंगची फरशी फोडायच्या आधी ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून बघा

आमच्याकडं पाणी यायच्या दिवशीच ड्रेनेज तुंबायचं. मधले तीन-चार दिवस सगळं शांत, आणि नळ सुटला की सगळ्यांची धुणी, भांडी, अंगण, गाडी, टाकी धुणं सगळं एकदमच निघतं, मग दुपारपर्यंत मागचं चेंबर हळूहळू वर यायला लागायचं आणि बाथरूमच्या जाळीतून बुडुक बुडुक आवाज. जुळे सोलापुरातलं तीसेक वर्षांपूर्वीचं घर आहे, खाली चिनी मातीचे पाईप. प्लंबर तीनदा येऊन बांबूच्या कामट्या घालून गेला, दरवेळी पाणी गेलं, दरवेळी पुढच्या पाण्याला परत तेच. चौथ्यांदा म्हणाला, "मालक, आता पार्किंगची फरशी काढावी लागतीय." कुठली काढायची विचारलं तर पायानं दाखवलं, हितनं तिथपर्यंत. तिथपर्यंत म्हणजे पंचवीस फूट! तेव्हा मी म्हटलं थांबा जरा, आधी कॅमेरा घालू.

पण कॅमेरावाल्याला फोन करायच्या आधी एक फुकटातलं काम करा. घरापासून रस्त्यापर्यंतच्या सगळ्या चेंबरची झाकणं उघडा (उघडल्यावर लगेच वाकून तोंड घालू नका, जरा वेळ वारा लागू द्या, विडी-काडी लांब ठेवा, पोरांना तिथं फिरकू देऊ नका) आणि बघा कुठलं भरलंय आणि कुठलं कोरडं आहे. भरलेलं आणि त्याच्या पुढचं कोरडं, ह्या दोघांच्या मधेच अडलंय. आमचं मागचं तुडुंब आणि गेटजवळचं कोरडं, म्हणजे पार्किंगखालचीच लाइन. गेटजवळचं पण भरलेलं असेल तर अडचण बहुतेक तुमच्या हद्दीबाहेर, मग महापालिकेत तक्रार द्यायची, स्वतःची फरशी कशाला फोडताय.

आता हा कॅमेरा म्हणजे काय, तर लांब, ताठ पण वाकणारी केबल, तिच्या टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा आणि भोवती बारीक एलईडी. माणूस चेंबरमधून ती पाईपात ढकलत जातो, वर स्क्रीनवर चित्र दिसतं आणि कोपऱ्यात किती मीटर आत गेलाय तो आकडा. चांगल्या सेटमध्ये कॅमेऱ्याच्या मागं एक छोटा ट्रान्समीटर असतो, सहसा ५१२ हर्ट्झवर चालणारा, आणि वर जमिनीवर दुसरा माणूस लोकेटर घेऊन फिरतो, तो बरोब्बर कॅमेऱ्याच्या डोक्यावर आला की सांगतो हितं, आणि अंदाजे किती खोल ते पण. बुकिंग करताना पहिला प्रश्न हाच विचारा, लोकेटर आहे का? नुसतं चित्र बघून "आत काहीतरी आहे" एवढंच कळणार असेल तर ते आम्हाला बुडुक बुडुक ऐकूनच कळलं होतं की.

दुसरा प्रश्न, व्हिडिओ मिळणार का, आणि त्यात मीटरचा आकडा दिसणार का. तिसरा, जेटिंग धरून रेट आहे की वेगळा. हे आधीच बोलून घ्या नाहीतर बिलाच्या वेळी वाद होतो.

जेटिंग का, तर कॅमेऱ्याला गढूळ पाण्यातून काही दिसत नाही. तुंबलेल्या लाइनीत घातला तर स्क्रीनवर नुसता चहा! म्हणून आधी जास्त प्रेशरच्या पाण्यानं लाइन मोकळी करायची, मग बघायचं. फक्त जुने पाईप असतील तर एकदम पूर्ण प्रेशर नको म्हणून सांगा, तडा गेलेला पाईप त्यानं अजून फुटू शकतो. आणि ह्या सगळ्याला पाणी लागतं बरं का, आपल्या सोलापुरात हे विसरून चालत नाही. गाडीवाला स्वतःचं पाणी आणतो का विचारा, आणि तरी पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचीच तारीख घ्या, दोन बॅरल भरून बाजूला ठेवा. आदल्या दिवशी नळीत ॲसिड मात्र ओतू नका, अडलेलं तर निघत नाहीच, वर काम करणाऱ्याचा हात भाजतो. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र तर चुकून पण नको, विषारी वायू होतो.

काम चालू असताना घरात बसून चहा पिऊ नका, स्क्रीनजवळ उभं राहा. चेंबरच्या तोंडाशी आकडा शून्य केला का बघा. मग केबल सावकाश जाऊ द्या. चिनी मातीचा पाईप दोन-अडीच फुटांचाच असतो, म्हणजे आमच्या पंचवीस फुटांत दहा-बारा सांधे, आणि भानगड बहुतेक सांध्यातच असते. गोल कडा एकसारखी दिसली तर सांधा ठीक, एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसली तर पुढचा पाईप खाली बसलाय. आमच्याकडं ५ मीटरपर्यंत सगळं बरं होतं, नुसता साबणाचा पांढरा थर, आणि ६.२ वर एकदम दाढीसारखं तपकिरी काहीतरी लोंबताना दिसलं. मला वाटलं केस. कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "काका, मुळं हायत ही, कडुलिंब हाय ना बाहेर?" होता. आईनं लावलेला. त्या मुळांच्या जाळीत कापडाचे तुकडे, धागे, आणि सिमेंटच्या पोत्याचा एक तुकडा अडकलेला. पोत्याचा तुकडा बाथरूमच्या टाइल्स बदलल्या तेव्हाचा असणार, गवंडी नहाणीच्या तोंडात पोतं कोंबतात आणि मग काढायचं विसरतात.

आणखी एक टेस्ट सांगतो, ही बहुतेकजण करत नाहीत. कॅमेरा आत असताना वरून दोन-तीन बादल्या सोडा आणि थांबा. पाणी निघून गेलं तर उतार बरा आहे. एखाद्या जागी कॅमेरा पाण्यात बुडतो आणि पुढं परत बाहेर येतो असं दिसलं तर तिथं पाईप खचून पोट पडलंय, तिथं कायम घाण साठणार. चार इंची पाईपाला साधारण चाळीसला एक उतार धरतात, दहा फुटाला तीन इंच.

आपल्याकडं पोट पडायला आणि सांधे सुटायला काळी माती पुरेशी आहे. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि दरवर्षी खालचा पाईप थोडा थोडा हलवते, मुरमावरच्या घरांना एवढा त्रास नाही. सांधा किंचित उघडला की ओल बाहेर, आणि मे महिन्यातल्या उन्हात झाडाला ती ओल कळत नाही असं होईल का?

काय दिसलं त्यावर पुढचं काम ठरतं. नुसतं तेल-साबण असेल तर जेटिंग झालं की संपलं, एक पण फरशी काढायची नाही. मुळं कापता येतात पण सांधा तसाच ठेवला तर परत येतात. पाईप बसलाय, फुटलाय किंवा पोट पडलंय तर खोदायलाच लागतं, पण तेवढंच. आमच्याकडं लोकेटरवाल्यानं खडूनं फुली मारली, तिथं तीन बाय तीनचा खड्डा घेतला आणि सांधा हाताला लागला. नवीन पाईप घालताना दुकानदार बिल्डिंगच्या आतला एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा पीव्हीसी पाईप) देईल, तो नको, जमिनीखालचा आयएस १५३२८ छाप असलेला मागा. आणि काळी माती थोडी जास्त काढून खाली मुरूम किंवा वाळू दाबून घ्या.

सेप्टिक टँक असेल तर आधी ती भरली नाही ना ते बघा, भरलेली टाकी असली तरी लाइन तुंबल्यासारखीच दिसते. टाकीत किंवा मोठ्या चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, आतल्या वायूनं मिनिटात जीव जातो, आणि असं धोक्याचं काम माणसाकडून करून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, शिक्षा पण आहे. "पाचच मिनिटं उतरतो मालक" म्हणला तरी नाही म्हणा, मशीनची गाडी बोलवा.

पहिल्यांदाच तुंबलं असेल तर कॅमेऱ्याचा खर्च करू नका, जाळी आणि ट्रॅप साफ करून बघा. परत परत होत असेल, जुना बंगला विकत घेत असाल किंवा पार्किंगला नवीन फरशी टाकणार असाल तर मात्र आधी बघून घ्या. आणि खड्डा बुजवायच्या आधी त्याच माणसाकडून परत एकदा केबल घालून घ्या, आम्ही घातली तर नवीन सांध्याच्या पुढं अर्ध्या मीटरवर सिमेंटचा एक लपका चिकटलेला निघाला, ओला होता म्हणून बांबूनं निघाला. मीटर बॉक्सच्या दाराला आतून आता ऑइल पेंटनं लिहून ठेवलंय, मागच्या चेंबरपासून ६.२ मी.