एचआयव्हीच्या संशोधनात सहभागी होताना: सही करणाऱ्यांसाठी आणि सही घेणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा एका अभ्यासाच्या संमतीपत्रावर सही केली तेव्हा ते २३ पानांचं होतं, आणि त्यातली मी दोन वाचली होती. एचआयव्हीचं निदान होऊन चार महिनेच झाले होते. नर्स प्रेमळ होती, मागे लोक ताटकळत होते, आणि माझ्या मनात एवढंच होतं की अभ्यासात असलं म्हणजे तपासण्या तरी वेळेवर होतील. पुढची तीन वर्षं दर तीन महिन्यांनी मी हात पुढे केला. त्या रक्तातून काय कळलं ते मला कुणी कळवलं नाही. मी विचारलंही नाही. विचारता येतं हेच ठाऊक नव्हतं.

नंतर एका दुसऱ्या संशोधन केंद्राच्या समुदाय सल्लागार मंडळावर, म्हणजे आमच्यासारख्यांनी संशोधकांना सल्ला द्यायच्या मंडळावर, मला बोलावलं गेलं. तिथे आता अकरा वर्षं झाली. संमतीपत्रांचे मसुदे छापायला जाण्याआधी माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्यावर लाल पेनाने भरपूर लिहिते. त्या लाल पेनातून जे शिकले ते इथे सांगते. आधी एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी, मग संशोधकांसाठी. संशोधकांनी पहिला भाग सोडू नये, तो त्यांच्याच टेबलासमोर बसलेल्या माणसाचा आहे.

शोध कुठे घ्यायचा

सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे तुम्ही जिथून औषधं घेता तिथले काउन्सेलर किंवा नर्स. "सध्या कुठला अभ्यास चालू आहे का, आणि मी त्यात बसते का?" एवढं विचारलं तरी पुरतं. स्वतः शोधायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं एक शोधस्थळ आहे, त्यात वेगवेगळ्या देशांच्या चाचणी-नोंदवह्या एकत्र पाहता येतात. अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवहीसुद्धा सगळ्यांना खुली आहे. तिथे आधी तीनच गोष्टी पाहा: सहभागी घेणं चालू आहे का, कोणाला घेतात आणि कोणाला नाही, आणि संपर्क कोणाशी करायचा. बाकीची भाषा पहिल्या वाचनात कळत नाही. मलाही कळली नव्हती.

औषधाच्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. तो देता आला नाही तर पुढे जाऊ नका. चाचणीत घेण्यासाठी कुणी तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, किंवा खात्रीने बरं करण्याचं वचन देत असेल, तर तिथून उठा.

अभ्यास म्हटलं की सुई टोचून घ्यायचीच असं नाही. काही अभ्यासांत फक्त मुलाखत असते, काहींत नेहमीच्या तपासणीच्या नोंदी वापरायची परवानगी मागतात. 'स्टिग्मा इंडेक्स' नावाचं काम २००८ पासून चालू आहे. आपल्याला भोगाव्या लागणाऱ्या कलंकाची मोजदाद त्यात होते, आणि प्रश्न विचारणारेही एचआयव्हीसह जगणारेच असतात. ज्यांना रुग्णालयाच्या बाहेरचं काम करायचं आहे त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

यात पडावं तरी कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. औषध नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, सापडेनासा झाला की लैंगिक संबंधातून विषाणू जोडीदाराला जात नाही, हे आज आपण छातीठोकपणे सांगतो. ते कळलं कसं? एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशी ९ देशांतली १७६३ जोडपी एचपीटीएन ०५२ या अभ्यासात उतरली. लवकर उपचार सुरू केल्यावर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असं २०११ मध्ये दिसलं. पुढे २०१६ आणि २०१९ मध्ये पार्टनर अभ्यासाचे निष्कर्ष आले. व्हायरल लोड दबलेला असताना जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही प्रकरण त्यात सापडलं नाही. त्या जोडप्यांनी आपल्या संसाराची सगळ्यात खाजगी बाब प्रश्नावलीत लिहून दिली होती. माझं लग्न त्यांच्या उत्तरांवर उभं आहे.

सही करण्याआधी

संमतीपत्र घरी न्यायला मागा. दोन रात्री ते जवळ असू द्या आणि विश्वासाच्या माणसाला वाचायला द्या. घरी नेणं धोक्याचं असेल तर केंद्रातच एका खोलीत बसून सावकाश वाचू देण्याची मागणी करा. "लगेच सही हवी" असं कुणी म्हटलं तर तुमचं उत्तर "मग नको" असू शकतं, आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही केल्यावरसुद्धा कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं.

मग विचारायला लागा. माझे आताचे उपचार बदलणार का? किती रक्त घेणार? आकडा मिलिलिटरमध्ये सांगितला तर चमच्यांत विचारा, ५ मिलिलिटर म्हणजे साधारण एक चमचा. माझं नाव कुठे लिहिलं जाणार आणि ती यादी कुणाच्या कपाटात राहणार? फोन कुठल्या नावाने येणार? उरलेलं रक्त साठवून पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असाल तर त्याला मी वेगळा नकार देऊ शकते का? इजा झाली तर खर्च कोण करणार? औषध गुणकारी ठरलं तर चाचणी संपल्यावर ते मला मिळत राहणार का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस अडखळला तर थांबा आणि पूर्ण उत्तर घ्या. मी मंडळावर सगळ्यात जास्त भांडले ती याच ओळीसाठी.

एचआयव्ही मुळापासून काढण्याच्या संशोधनाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आशेने माणूस घाईत सही करतो. यातल्या काही अभ्यासांत देखरेखीखाली तुमचं औषध थांबवतात, विषाणू परत येतो का आणि कधी येतो ते पाहायला. बहुतेकांमध्ये तो काही आठवड्यांतच परत येतो. त्या काळात व्हायरल लोड वाढतो आणि जोडीदाराला धोका निर्माण होतो. तेव्हा विचारा: व्हायरल लोड किती दिवसांनी तपासणार? कुठल्या आकड्याला औषध पुन्हा सुरू करणार? जोडीदाराला प्रतिबंधक औषध, म्हणजे प्रेप, देणार का? ही काळजी उगाच नाही. स्मार्ट या चाचणीत ५४७२ जण होते. सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, पाहून औषध थांबवायचं आणि पुन्हा सुरू करायचं, असं ज्यांच्याबाबत केलं, त्यांच्यात आजार आणि मृत्यू जास्त झाल्याचं २००६ मध्ये स्पष्ट झालं. आजचे अभ्यास औषध थांबवताना बारीक लक्ष ठेवतात, तरी लक्ष किती बारीक ते तुम्ही विचारायचं. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करून जा: सुरुवातीच्या टप्प्यातल्या अशा अभ्यासातून तुमची स्वतःची प्रकृती सुधारेल अशी अपेक्षा कुणी ठेवलेली नसते. हे कळूनही जावंसं वाटलं तर अवश्य जा. असे गेलेले लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

लसीच्या चाचणीत एचआयव्ही नसलेली माणसं भाग घेतात, तुमची बहीण किंवा मित्र असेल कदाचित. लस घेतल्यावर शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमुळे साधी एचआयव्ही तपासणी लागण नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून सहभागाचा दाखला मागून घ्यावा आणि पुढच्या तपासण्या चाचणीच्या केंद्रातच कराव्यात.

मंडळावर बसल्यावर

समुदाय सल्लागार मंडळावर यायला पदवी लागत नाही. केंद्राला तसं विचारावं लागतं, बस. नाव जाहीर करण्याची सक्तीही नसावी; आमच्याकडे दोन सभासद फक्त टोपणनावाने ओळखले जातात आणि त्यांची मतं सगळ्यांच्या आधी ऐकली जातात.

पहिल्या बैठकीत मी पावणेदोन तास गप्प होते. पडद्यावर आलेख सरकत होते आणि मला वाटत होतं, मी इथे चुकून आले आहे. शेवटी सहभागींना पाठवायचं पाकीट फिरवलं गेलं. त्याच्या कोपऱ्यात अभ्यासाचं नाव होतं आणि त्या नावात एचआयव्ही ही अक्षरं होती. मी म्हटलं, "आमच्या घरी टपाल माझी नऊ वर्षांची मुलगी घेते. तिला अजून काही माहीत नाही." खोलीत शांतता झाली. पुढच्या महिन्यात पाकीट कोरं झालं आणि फोनवरच्या संदेशात "उद्याची भेट लक्षात आहे ना?" एवढंच राहिलं. तिथल्या कुणाचंही शिक्षण त्यांना पाकिटाबद्दल सांगू शकलं नसतं. तुम्हाला घरातलं जे माहीत आहे तेच घेऊन जा.

कागद बैठकीच्या आठवडाभर आधी मागा. न कळलेला शब्द तिथेच थांबवून विचारा. तुमच्या शेजारच्यालाही तो कळलेला नसतो. प्रवासखर्च आणि वेळेचा मोबदला मागताना संकोच करू नका. बाकी सगळे त्या बैठकीला पगारी वेळेत आलेले असतात.

आता संशोधकांसाठी

माझं तुमच्याकडे एकच मोठं मागणं आहे: प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहून झाल्यावर येऊ नका, त्याआधी या. पूर्ण झालेला मसुदा आमच्यापुढे ठेवला की आम्हाला फक्त शब्द बदलता येतात, प्रश्न बदलता येत नाही.

उशिरा येण्याची किंमत तुमच्याच क्षेत्राने मोजली आहे. टेनोफोव्हिर ही गोळी लागण टाळते का हे पाहणारी चाचणी कंबोडियात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये होणार होती. इजा झाली तर पुढे आमच्या उपचारांचं काय, असं त्या विचारत होत्या. त्यांना पटेल असं उत्तर मिळालं नाही आणि २००४ मध्ये सरकारने चाचणीच थांबवली. पुढच्या वर्षी कॅमेरूनमध्येही तशीच चाचणी थांबली. त्यानंतर यूएनएड्स आणि अवॅक या संस्थांनी २००७ मध्ये चांगल्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०११ मध्ये ती सुधारली. ती मोफत मिळतात. तुमच्या टीममधल्या प्रत्येकाने वाचावीत, फक्त समुदाय समन्वयकाने नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त बोचतं. आफ्रिकेतल्या व्हॉइस या चाचणीत ५०२९ स्त्रिया होत्या. लागण टाळण्यासाठी त्यांना रोज गोळी घ्यायची किंवा जेल वापरायचं होतं. आपण ते नियमित करतो असं त्या सांगत होत्या आणि नोंदींत ९० टक्क्यांच्या आसपास आकडा दिसत होता. २०१३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा कळलं की रक्ताच्या जेमतेम तीस टक्के किंवा त्याहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. नंतर त्यांच्याशी निवांत बोलल्यावर कारणं पुढे आली, त्यातलं एक असं: ही गोळी पाहून लोक मलाच एचआयव्ही आहे समजतील. हे ऐकून मी थक्क झाले नाही. मी स्वतः कित्येक वर्षं औषधाच्या बाटलीवरचं लेबल खरवडून काढत होते. अशी एक बाई आखणीच्या टेबलाशी बसली असती तर तिने गोळी कुठे ठेवायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता.

मग व्यवहाराच्या गोष्टी. अर्थसंकल्पात समुदायाच्या सहभागासाठी वेगळी ओळ सुरुवातीलाच ठेवा. आमच्यातला एकच माणूस कधी बोलावू नका, किमान तिघे बोलावा. एकट्यावर सगळ्यांच्या वतीने बोलण्याचं ओझं येतं आणि तो मान डोलावत राहतो. बैठक कामाच्या वेळेत ठेवाल तर रोजंदारीवरचा माणूस कधीच येणार नाही. आम्ही दिलेल्या सूचनांपैकी कुठल्या घेतल्या, कुठल्या नाही आणि का, हे लेखी कळवा. नकार चालतो, मौन चालत नाही.

शब्दांकडेही पाहा. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला एड्ससह जगणाऱ्यांनी आपल्याला 'बळी' म्हणू नका असं जाहीर केलं आणि निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर जागा मागितली. वैद्यकीय संशोधनाच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातून 'सब्जेक्ट' हा शब्द जाऊन 'पार्टिसिपंट' यायला २०२४ उजाडलं. तुमच्या फॉर्मवर अजून 'डिफॉल्टर' छापत असाल तर तो आजच खोडा. भेट चुकलेल्या माणसाला तो शब्द वाचल्यावर परत यावंसं वाटत नाही.

आणि निष्कर्ष आधी सहभागींना कळवा, मग परिषदेत मांडा. पान एकच असावं, त्यात काय सापडलं आणि काय सापडलं नाही ते साध्या भाषेत असावं. ते कसं पोहोचवायचं, टपालाने, फोनवर की भेटीत, हे प्रत्येकाला सही घेतानाच विचारून ठेवा.

माझ्या त्या पहिल्या अभ्यासाचं काय झालं हे मी मागच्या वर्षी विचारलं. सुदैवाने २३ पानांची प्रत एका जुन्या पिशवीत सापडली. तिच्या पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक होता आणि शेवटच्या पानावर नीतिमत्ता समितीचा पत्ता. मी चार ओळींचं पत्र लिहिलं: मी अमुक साली सहभागी होते, माझा सहभागी क्रमांक हा, निष्कर्ष काय निघाले ते कृपया कळवावं. नऊ दिवसांनी उत्तर आलं, सोबत प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आणि एका तरुण डॉक्टरांनी स्वतः लिहिलेला त्याचा सारांश. तुमच्याकडेही अशी जुनी प्रत असेल तर हेच चार ओळींचं पत्र पाठवा. प्रत नसेल तर केंद्राला फोन करून अभ्यासाचं नाव आणि साल सांगा. आणि पुढच्या वेळी सही केलीत की सही असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका.