नवा कॉम्प्युटर, जुना प्रिंटर: केबल सगळ्यात शेवटी

नवं मशिन घरी आलं की दोन-चार दिवसांत फोन येतोच, "ताई, प्रिंटर गेला." काल संध्याकाळपर्यंत जुन्या मशिनवर निमूटपणे भाडेकरार काढणारा प्रिंटर एका रात्रीत जात नसतो. तो तिथेच असतो, फक्त नव्या मशिनशी त्याची ओळख चुकीची करून दिलेली असते.

नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला आणि आजूबाजूच्या वकिलांनी एकामागून एक मशिनं बदलली. प्रिंटर मात्र जुनेच, आणि ते विंडोज ११ पुढे मुके झाले. "नाशिकरोडला देशाच्या नोटा छापतात आणि माझ्याकडे एक वकीलपत्र निघेना," असं एक वकीलसाहेब वैतागून म्हणाले. त्यांना दुकानदाराने नवा प्रिंटर घ्यायला सांगितलं होतं. जुना प्रिंटर आजही त्यांच्या टेबलावर चालतो आहे.

आधी दोन मिनिटं

वीज, कागद, टोनर तुम्ही पाहिलंय असं धरून चालते.

केबल न लावता प्रिंटरचंच चाचणीचं पान काढून बघा. बहुतेक लेझर प्रिंटरवर एखादं बटण दाबून धरलं की ते निघतं. पान आलं तर प्रिंटर ठणठणीत आहे. बटण असूनही न आलं तर पुढचं वाचू नका, मेकॅनिककडे जा. पण कॉम्प्युटरशिवाय काहीच न करणाऱ्या स्वस्त लेझरला (त्यांचं पुढे येतं) ही चाचणी लागू नाही.

प्रिंट दिल्यावर "सेव्ह कुठे करू" असं विचारतंय? मग तुमचं पान प्रिंटरकडे जातच नाही, "प्रिंट टू पीडीएफ"कडे जातंय. हसू नका, दोन दिवस सेव्ह-सेव्ह करत कागदाची वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. डिफॉल्ट प्रिंटर बदला आणि "डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" हा पर्याय बंद करा.

ड्रायव्हर आणायचा कुठून

ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम. तो आणायचा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच. मॉडेलचं नाव प्रिंटरच्या अंगावर जसं आहे तसंच्या तसं घाला, शेवटचं अक्षरही सोडू नका. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे जुन्या सीडीतला ३२ बिटचा ड्रायव्हर उपयोगाचा नाही. साइटवर ११ साठी काही नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटवाला घ्या, बहुतेक वेळा चालतो.

गूगलवर सगळ्यात वर जाहिरातीत येणाऱ्या "ड्रायव्हर अपडेटर"ना हात लावू नका. त्यातूनच पुढे "या नंबरवर फोन करा" येतं, पलीकडचा गोड बोलून मशिन रिमोटवर घेतो आणि प्रिंटरऐवजी बँकेचं खातं दुरुस्त करून देतो. प्रिंटरची कंपनी तुमच्या स्क्रीनवर स्वतःहून फोन नंबर पाठवत नाही.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे "कुठलाही युनिव्हर्सल ड्रायव्हर टाका, चालतो." महागड्या ऑफिस प्रिंटरला चालेलही. पण एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारखे स्वस्त लेझर वेगळ्या जातीचे. पानावर कुठे काय येणार हे ठरवण्याची अक्कल त्यांच्यात ठेवलेलीच नाही, ते सगळं काम कॉम्प्युटर करतो आणि तयार ठिपके पाठवतो. १०२० ला तर चालू केल्यावर दर वेळी स्वतःचं फर्मवेअरसुद्धा (प्रिंटरला आतून चालवणारा प्रोग्राम) कॉम्प्युटरकडूनच घ्यावं लागतं. अशा प्रिंटरला परका ड्रायव्हर दिला की एक तर तो गप्प बसतो, नाही तर चित्रविचित्र अक्षरांची पानंच्या पानं ओकत राहतो.

एक अपवाद आधीच बघून घ्या. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे "सिस्टम टाइप"मध्ये एआरएम लिहिलेलं असेल (ही प्रोसेसरची वेगळी जात, स्नॅपड्रॅगनवाले लॅपटॉप) तर नेहमीचा ड्रायव्हर बसणार नाही, एआरएमसाठी केलेलाच लागतो. जुन्या लेझरसाठी तो नसेल तर तिथे मीही हात टेकते.

खरी गोम: पोर्ट

ज्या पायरीवर मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली ती ही. दुकानातलंच मशिन बदललं होतं. खोक्यातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि सगळ्या वायरी एकदम खोचल्या, प्रिंटरचीसुद्धा. मशिनने टुंग केलं, मला वाटलं झालं काम. मग ड्रायव्हर टाकला. प्रिंटरचं चित्र आलं, नाव बरोबर, खाली "रेडी" असंही आलं. टेस्ट पेज दिलं तर रांगेत जाऊन बसलं. परत ड्रायव्हर टाकला, तर नावापुढे "कॉपी १". मी हट्टाने तिसऱ्यांदा टाकला. साडेचार वाजले होते, काउंटरपुढे एक वकीलसाहेब घड्याळाकडे बघत उभे, आणि माझ्या स्क्रीनवर एकाच प्रिंटरची तीन चित्रं, तिन्ही ढिम्म. शेवटी पेन ड्राइव्ह घेऊन शेजारच्या दुकानात पळाले आणि त्यांची सहा पानं पैसे देऊन तिथून काढून आणली. मी, झेरॉक्सवाली!

झालं काय होतं? यूएसबीच्या प्रिंटरसाठी विंडोज आत एक दार, म्हणजे पोर्ट, बनवतं. त्याचं नाव यूएसबी००१. तुम्ही केबल काढून दुसऱ्या खाचेत घातली की पुष्कळदा नवं दार, यूएसबी००२. जुनं दार यादीतून जात नाही, मेलेलं असलं तरी तिथेच दिसतं. माझा ड्रायव्हर ००१ पाशी पानं घेऊन उभा होता आणि प्रिंटर ००३ पाशी कान लावून बसला होता. म्हणून केबल आधी लावायची नाही. घाईघाईने लावली की विंडोज आपल्या मनाने अर्धवट ओळख करून ठेवतं आणि पुढचं सगळं त्या अर्धवट ओळखीवर चढत जातं.

तुमचंही असंच झालं असेल तर नुसतं चित्र डिलीट करून परत ड्रायव्हर टाकू नका. मी तेच तीनदा केलं. चित्र गेलं तरी ड्रायव्हरचं गाठोडं आतच राहतं आणि विंडोज पुढच्या वेळी तेच शिळं गाठोडं सोडतं. मुळापासून असं काढा:

केबल उपसा. सेटिंग्जमध्ये "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स"मध्ये जाऊन त्या प्रिंटरची सगळी चित्रं काढा. जात नसतील तर रांगेत पान अडकलंय. स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" शोधा, यादीत "प्रिंट स्पूलर" (पानांची रांग सांभाळणारा) गाठा, स्टॉप करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स नावाचं फोल्डर. आतल्या फायली उडवा. फोल्डर उडवू नका, आणि त्याच्या शेजारच्या कशालाही हात लावू नका. स्पूलर पुन्हा स्टार्ट करा.

आता त्याच "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स"च्या तळाशी "प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज" आहे. त्यात "ड्रायव्हर्स" टॅबवर तुमच्या प्रिंटरचं नाव निवडा आणि रिमूव्ह करा. इथे दोन पर्याय विचारतात. "ड्रायव्हर आणि ड्रायव्हर पॅकेज" हा दुसरा घ्यायचा. पहिला घेतलात तर एवढी सगळी झाडलोट फुकट, गाठोडं जागच्या जागी. "ड्रायव्हर वापरात आहे" म्हणून अडलं तर स्पूलर एकदा स्टॉप-स्टार्ट करा आणि लगेच, दुसरं काही न उघडता, परत रिमूव्ह द्या. नंतर मशिन रीस्टार्ट.

मग कंपनीच्या साइटवरून आणलेला ड्रायव्हरचा सेटअप चालवा. तो "आता केबल लावा" म्हणेल तेव्हाच केबल लावा, तीही कॅबिनेटच्या मागच्या खाचेत. पुढच्या खाचा आणि स्वस्त हब यांचा मला अजिबात भरवसा नाही.

सेटअपच चालत नसेल, अर्ध्यावर बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा नवीन विंडोजवर मोडलेला असतो तो जुना सेटअप, आतला ड्रायव्हर चांगला असतो. डाउनलोड केलेली फाइल एखाद्या फोल्डरमध्ये उघडून ठेवा, केबल लावा, "ॲड डिव्हाइस"वर क्लिक करून थोडं थांबा, म्हणजे हाताने जोडण्याचा पर्याय येतो. त्यात लोकल प्रिंटर, पोर्ट यूएसबी००१, मग "हॅव डिस्क", आणि त्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी) दाखवा. ही वाट सेटअपपेक्षा जास्त वेळा फळते, असा माझा अनुभव.

शेवटी प्रिंटरच्या "प्रिंटर प्रॉपर्टीज"मध्ये "पोर्ट्स" टॅब उघडा. टिक कुठल्या दारावर आहे ते बघा. एलपीटी१ (यूएसबीच्या आधीच्या जाड केबलचं दार) किंवा फाइलवर असेल तर चूक. यूएसबीची दोन-तीन दारं असतील तर एकेकावर टिक करून टेस्ट पेज द्या. त्या दिवशी मी ००३ वर टिक केली, रोलर घर्र करून एकदा फिरला आणि मागे अडकलेली सगळी टेस्ट पेजं एकामागून एक बाहेर पडली.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून "विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड" नावाचा पर्याय आला आहे. तो चालू असेल तर कंपनीचा ड्रायव्हर घेतच नाही. वरचं सगळं करूनही नकार येत असेल तर तो बंद आहे ना, ते बघा.

राहिलेलं

पान निघतं, पण दिवा लुकलुकत थांबतो? कागदाचं माप "लेटर" असणार. नव्या मशिनचा रीजन अमेरिका ठेवलेला असला की असं होतं. ए४ करा, वर्डमध्येही आणि प्रिंटरमध्येही.

वायफायवाला प्रिंटर असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी राउटर बघा. मशिनबरोबर राउटरही बदलला असेल तर प्रिंटर अजून जुन्याच नेटवर्कचं नाव घोकत बसलेला असतो. पुष्कळ प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ चं नाव त्यांना दिसतच नाही. आणि दोघांतला एक गेस्ट नेटवर्कवर असेल तर एकमेकांना दिसणार नाहीत. दर वेळी लाइट गेली की "ऑफलाइन" होत असेल तर राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून टाका.

चाललेला ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून द्या. माझ्या प्रिंटरच्या केबलवर आणि कॅबिनेटच्या मागच्या एका खाचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. झाडताना केबल निघाली की कामावरची मुलगी ठिपक्याला ठिपका लावून परत तिथेच खोचते.