सा कालोब्रा: आधी उतरायचा आणि मग चढायचा घाट

सायकलने घाट चढणाऱ्यांसाठी मायोर्का या स्पॅनिश बेटावरचा सा कालोब्राचा घाट उलटा आहे. आपल्याकडे पायथ्यापासून घाट चढतात, नको वाटला तर अर्ध्यातून परततात. इथे रस्ता 682 मीटरवरच्या कोल देल्स रेइस खिंडीतून थेट समुद्रापर्यंत उतरतो आणि तिथेच संपतो. परतायला तोच रस्ता: साडेनऊ किलोमीटर, सरासरी 7 टक्के चढ, 26 नागमोडी वळणं. म्हणून पायांत किती जोर उरला आहे, याचा हिशोब उतरण्याआधी, खिंडीतच करायचा.

मार्च ते मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि सावली फारशी नसते.

भाड्याची सायकल घेताना सर्वांत आधी ब्रेक तपासा. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, स्पेनमध्ये तो बहुतेक वेळा डाव्या हाताला असतो. घाबरून डावा लिव्हर करकचून दाबला तर पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. दुकानदाराला दोन्ही ब्रेकच्या केबलची अदलाबदल करून द्यायला सांगा. ते जमत नसेल तर आदल्या दिवशी सपाट रस्त्यावर तासभर सराव करा. घरच्या सायकलवर पेडलच्या मधल्या दांड्यापासून सीटपर्यंतचं अंतर मोजून न्या आणि तेवढंच इथे ठेवा. स्वतःची पेडल नेत असाल तर लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

गिअर असा हवा: पेडलजवळच्या लहान चक्रीला 34 दात, मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीला किमान 32. या जोडीवर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी 8 किलोमीटर. घाटाला सव्वा तास लागेल. मागे 28 च दात असतील तर त्याच वेगाला फेऱ्या पन्नासच्या आसपास येतात आणि गुडघे बोलू लागतात. 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये 70 किलोच्या माणसाला 70 ते 75 पीएसआय हवा पुरते.

सुरुवात काइमारी गावातून सकाळी साडेसातला करा. जाऊन-येऊन सुमारे 60 किलोमीटर होतात. पहिले 8 किलोमीटर कोल दे सा बातालिया या खिंडीपर्यंत जेमतेम 5 टक्क्यांचा चढ आहे, बोलता येईल इतक्याच दमाने चढा. वर पेट्रोल पंप आणि कॅफे आहे, दोन्ही बाटल्या तिथे भरा. पुढे एमए-10 रस्त्याने सुमारे 10 किलोमीटरवर सा कालोब्राचा फाटा लागतो. घाई यासाठी, की उशीर झाला तर पर्यटकांच्या बस येतात आणि अरुंद वळणांवर त्यांना पूर्ण रस्ता लागतो. दहाच्या सुमारास खालून परत निघालेलं बरं.

उतारावर खरी चूक होते ती बाजूची. इथे वाहनं उजवीकडून चालतात. आपली सवय वळणातून बाहेर पडताना डावीकडे ओढते आणि तिथेच समोरून बस येत असते. उजवं वळण आतलं, घट्ट आणि तीव्र असतं, तिथे वेग जास्तच कमी करा. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर लावा, वळणात सोडा. बाहेरचा पाय खाली ठेवून त्यावर भार द्या आणि नजर वळणाच्या पलीकडे. रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड दाबणारे ब्रेक, असतील तर सतत धरून ठेवू नका, रिम तापते. पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा. रस्त्यावर बकऱ्या येतात. झाडांच्या सावलीत पाइनची पानं पडलेली असतात, ओल्या दिवशी त्यांवरून चाक घसरतं. उतरण्याआधी वाऱ्याचं जाकीट घाला, घामाने भिजलेलं अंग गारठलं की बोटं ब्रेक नीट दाबत नाहीत.

खाली फार वेळ बसू नका, स्नायू आखडतात. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. पुढे कातळाच्या अरुंद फटीतून रस्ता जातो, तिथे वाहनाचा आवाज आला तर कडेला थांबा. तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवं. मोठे तीन-चार खजूर किंवा त्याच हिशोबाची राजगिऱ्याची चिक्की चालते. भूक लागण्याची वाट पाहिली की उशीर झालेला असतो. शेवटाकडे रस्ता स्वतःच्याच खालून वळसा घेतो, या वळणाला नूस दे सा कोर्बाता, म्हणजे टायची गाठ, म्हणतात. हा रस्ता अंतोनियो परिएती या अभियंत्याने 1932 मध्ये आखला. गाठ दिसली की खिंड जवळ आली समजा.

सोबत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, चेनचा जोड आणि छोटा पान्यांचा संच ठेवा. खाली सायकलचं दुकान नाही. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. बोगद्यांचा रस्ता घेणार असाल तर पुढे-मागे दिवे लागतात. आणीबाणीत 112 फिरवा.