स्वतःला तपासायचं तर आपलंच रेकॉर्डिंग उघडा

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे फील्डवर्क अहवाल मी सुपरव्हायझर म्हणून वाचत आले आहे. 'समाजकार्यकर्ता म्हणून माझी ओळख' यावर लिहायला सांगितलं की बहुतेक जण विशेषणं लिहितात: संवेदनशील, संयमी, समाजाचं देणं मानणारा. ती खोटी नसतात, पण त्यातून तपासता काहीच येत नाही. तपासायला पुरावा लागतो, आणि तो तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत असतो.

एक मुलाखत निवडा, शक्यतो जिच्यानंतर अस्वस्थ वाटलं ती. 'क्लायंटशी संवाद साधून समुपदेशन केले' हे वाक्य खोडा आणि कोण काय बोललं ते आठवेल तसं लिहा. नावं, पत्ते नकोत. पानाचे तीन भाग करा: एकात संवाद, दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेलं, तिसरा कोरा. काही दिवस जाऊ द्या, मग तिसऱ्या भागात आज काय दिसतं ते लिहा.

तपशील बदलून एका विद्यार्थिनीच्या नोंदीतलं उदाहरण देते. "त्या म्हणाल्या, मुलगा आता घरी येतच नाही. मी विचारलं, मुलगी कितवीत आहे?" मधला भाग कोरा होता. विषय का बदललास, एवढंच मी त्या विद्यार्थिनीला विचारलं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, त्या रडतील अशी भीती वाटली. कुणी रडलं की आपण लगेच त्याला गप्प करायचं, हे ती लहानपणापासून करत आली होती. फेलिक्स बीस्टेक यांनी 1957 मध्ये मांडलेल्या केसवर्क (एकेका व्यक्तीसोबतचं समाजकार्य) नात्याच्या सात तत्त्वांपैकी 'नियंत्रित भावनिक सहभाग', म्हणजे समोरच्याच्या भावना समजून घेताना स्वतःच्या भावनांचं भान ठेवणं, परीक्षेत सगळ्यांना लिहिता येतो. तो अंगी किती उतरलाय, ते अशा दोन ओळींत कळतं.

मग त्या खोलीत तुम्ही कोण होतात ते लिहा. वय, लिंग, जात, धर्म, भाषा, शिक्षण, पैसा. नुसती यादी नको. प्रत्येकापुढे त्या भेटीत त्याने काय फरक पडला ते हवं. प्रश्न कोण विचारत होतं? भेट कधी संपवायची ते कुणी ठरवलं? कुणाला 'अहो' म्हटलंत, कुणाला 'अगं'? आणि जिथे क्लायंटचं आयुष्य तुमच्यासारखंच वाटतं तिथे जास्त सावध राहा. 'मला माहितीये हे' असं वाटलं की विचारायचं राहून जातं, आणि आपलीच गोष्ट आपण त्याच्या तोंडी घालतो. फरक तर निदान डोळ्यांना दिसतो, सारखेपणा फसवतो.

ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 मधलं चिंतनचक्र वापरायला हरकत नाही. त्यात वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा असे सहा टप्पे आहेत. विद्यार्थी वर्णनावरून थेट आराखड्यावर उडी मारतात, म्हणून मी विश्लेषणाला वेगळं पान द्यायला लावते.

वाढ बघायची तर सत्राच्या शेवटी पहिलं आणि अलीकडचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवा. सल्ला कितव्या वाक्यात आला? शांतता कुठे नोंदवली आहे का? समोरच्याचे शब्द जसेच्या तसे आहेत, की सगळं तुमच्याच भाषेत?

सुपरव्हायझरसोबतच्या बैठकीत अडलेली ओळ सगळ्यात आधी वाचून दाखवा. मात्र लिहिता लिहिता स्वतःची जुनी जखम उघडी पडली, तर ती अहवालात मांडायची सक्ती नाही. 'इथे माझा वैयक्तिक संबंध आहे' एवढं सांगितलंत तरी पुरे. बाकीचं समुपदेशकाकडे बोला.