खाऱ्या वाऱ्यातली जुनी जीप : कोकणातील दूरच्या, आडवाटेच्या प्रवासासाठी देखभाल आणि बदल

जुनी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) गाडी कोकणात ठेवणाऱ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी की येथील चढ आणि खड्डे गाडीला जेवढे थकवतात, त्याहून अधिक तिला मीठ आणि पाणी खातात. दरवर्षी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, उरलेले आठ महिने समुद्रावरून येणारी खारी दमट हवा आणि चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळीत शिरून महिनोन्महिने ओल धरून ठेवणारी जांभ्याची लाल माती, या तिघांपुढे देशावर निर्धास्त चाललेली गाडी थोड्याच पावसाळ्यांत आतून कुजू लागते. म्हणून मोठे टायर, टपावरचे दिवे आणि विंच (रुतलेली गाडी ओढणारी चरखी) यांच्या आधी पैसा खर्च व्हायला हवा तो दिसत नसलेल्या जागी.

गाडी घेताना किंवा मोठ्या प्रवासाला निघण्यापूर्वी तिच्याखाली झोपून चासी तपासावी. यासाठी लहान हातोडी आणि जाड स्क्रू ड्रायव्हर पुरतो. हातोडीचा टणक, खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. आवाज बद्द आला तर तेथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहावा. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे हलते दुवे, जेथे चासीला जोडलेले असतात ती जागा, मागची आडवी पट्टी, बॉडीच्या रबरी बैठकांखालचा भाग आणि पायाखालच्या मॅटखालचा पत्रा ही गंजाची आवडती ठिकाणे. माझ्या पहिल्या जीपच्या फरशीवर नवाकोरा काळा रबरी लेप होता आणि तो पाहूनच मी भुललो होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर लेपाचा पोपडा हाताने निघाला, तेव्हा त्याखाली पत्रा नव्हताच, पुटी (भोके बुजवायचा लुकण) होती. गंजावर लावलेला रबरी लेप ओल आत कोंडून ठेवतो आणि गंज अधिक वेगाने पसरतो, एवढे त्या पुटीने शिकवले.

कुजलेला भाग कापून काढून तेथे त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा. जुन्या पत्र्यावर पॅच मारणे म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पाण्याला घर बांधून देणे. उघड्या धातूवर जस्तयुक्त प्रायमर, त्यावर रंग आणि चासीच्या पोकळीत नळीने फवारलेले मेणयुक्त गंजरोधक, असा क्रम ठेवावा. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीखाली जळके ऑइल मारण्याची जुनी चाल आहे. त्याने गंज काही काळ थांबतो हे खरे, परंतु ते ऑइल रबरी बुश फुगवते आणि पहिल्याच सरीत वाहून कोणाच्या तरी मळ्यात किंवा विहिरीत जाते. ते करू नये. चासीला कारखान्यानेच पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. ती मातीने बुजतात आणि कित्येक मालकांना ती आहेत हेही ठाऊक नसते. तारेने ती मोकळी करणे हे या लेखातील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयोगी काम आहे.

यानंतर पाहायचे ते अॅक्सलचे हाऊसिंग, म्हणजे चाकांच्या आसावरचे ऑइल भरलेले लोखंडी कवच. घाट उतरून आलेल्या गाडीचे हाऊसिंग तापलेले असते आणि आतली हवा प्रसरण पावलेली असते. अशी गाडी थंड पाण्यात घातली की ती हवा आकसते, आत पोकळी निर्माण होते आणि वरचा छोटा ब्रीदर (हवा ये-जा करण्याची वाट) मातीने बंद असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. एका श्रावणात संगमेश्वर तालुक्यातील पऱ्या (लहान ओढा) ओलांडून आलो आणि पंधरा दिवसांनी मागच्या हाऊसिंगमधून ताकासारखे पांढुरके ऑइल निघाले, ते याच कारणाने; क्राऊन-पिनियन (आतले मुख्य दातेरी चक्र) वाचले ते केवळ वेळेवर नट उघडला म्हणून. उपाय सोपा आहे. पुढचा व मागचा अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) यांच्या ब्रीदरला ऑइल सहन करणारी रबरी नळी जोडून ती बोनेटच्या उंचीपर्यंत आणावी व तिचे तोंड खाली वळवून ठेवावे. तरीही प्रत्येक खोल पाण्यानंतर ऑइलचा रंग पाहावा. ऑइल भरताना डिफरन्शिअलचे (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) ऑइल गिअरबॉक्समध्ये घालण्याची घाई करू नये, कारण डिफरन्शिअलसाठीच्या काही ऑइलमधील गंधकयुक्त द्रव्ये जुन्या गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना मारक ठरतात. कारखान्याच्या पुस्तिकेत जी श्रेणी दिली आहे तीच वापरावी.

जुन्या जीपचे आणि मारुती जिप्सीचे पुढचे नकल (चाक वळते तो सांधा) बंद गोळ्याचे असतात. त्या गोळ्यावरचे सील फाटले की चिखल आत जातो आणि ग्रीसचे उटणे होते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशा दोन वेळा ते उघडून धुऊन नवे ग्रीस भरावे. शाफ्टच्या क्रॉसला (दांड्याच्या टोकाच्या सांध्याला) आणि शॅकलला ग्रीस मारताना जुने काळे ग्रीस संपून नवे बाहेर दिसेपर्यंत पंप चालवावा. दोन दाब देऊन थांबल्यास आतले पाणी आतच राहते.

फोर व्हील यंत्रणा वर्षभर न वापरता ऐन चिखलात लिव्हर ओढला की तो हलत नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. महिन्यातून एकदा पुढचे हब लॉक करून (पुढची चाके अॅक्सलशी जोडून) सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, कच्च्या वाटेने चार-पाच किलोमीटर जावे, म्हणजे सर्व भागांना ऑइल पोहोचते. मात्र या गाड्यांना मधले डिफरन्शिअल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील लावू नये. वळणावर पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि तो ताण शाफ्ट व गिअरवर साचत जातो.

ब्रेकच्या बाबतीत कोकणाची हवा विशेष वैरी आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि कुंभार्ली किंवा आंबोलीसारखा लांब घाट उतरताना पेडल नरम पडू शकते. येथे ते दर वर्षी, पावसाळा संपताच बदलणे शहाणपणाचे. ड्रमचे ब्रेक पाण्यातून निघाल्यावर काही अंतर हलके दाबत चालून वाळवावे लागतात, आणि उतारावर ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरण्याचा जुन्या एस. टी. चालकांचा नियम आजही पाळण्याजोगा आहे.

रेडिएटरमध्ये किनाऱ्यावरच्या विहिरीचे पाणी घालू नये. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट समान प्रमाणात घालावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, आधी रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ) करून घ्यावा.

जुन्या डिझेल जीपचे मोठे सुख म्हणजे यांत्रिक पंप : संगणक नाही, सेन्सर नाही, कोणताही जाणता फिटर तो समजू शकतो. त्याला पाणी मात्र चालत नाही. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही, आणि फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी आठवड्यातून एकदा सोडावे. जिप्सीच्या कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडाले की इंजिन बंद पडते. त्यावर रबरी टोपण बसवावे. विजेच्या बहुतेक तक्रारींचे मूळ अर्थिंगच्या पट्टीत असते. बॅटरी, इंजिन आणि चासी यांच्यामधील पट्ट्या सोडून, पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलियम जेली लावून पुन्हा आवळाव्यात. तांब्याची तार हिरवी पडली असेल तर ती बदलावीच लागते.

आता बदलांविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे फेरफार करता येत नाहीत, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली, आणि पुढच्या लोखंडी बुल गार्डवर २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राची बंदी आहे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी फिटनेससाठी दाखवावीच लागते, तेव्हा हौसेने केलेला प्रत्येक बदल तेथे महागात पडू शकतो. सुदैवाने कोकणाला फार बदल लागतही नाहीत. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी बांध) असलेल्या वाडीच्या रस्त्यात रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिम अडचणच करतात. गाडी खूप उंच केली की शाफ्टचे कोन बिघडून क्रॉस लवकर जातात. त्यापेक्षा थकलेले पाटे नव्याने कमानवून घ्यावेत. बसलेली उंची त्यातूनच परत मिळते.

टायर मात्र उत्तम घ्यावेत. मोठ्या गुठळ्यांचे चिखलाचे टायर दिसायला रुबाबदार असतात, परंतु येथील प्रवासाचा बहुतांश भाग ओल्या डांबरावर आणि घाटात होतो व तेथे त्यांची पकड कमी पडते. म्हणून मिश्र वापराचे टायर घ्यावेत. बाजूवरचे चार आकडे वाचावेत : २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवल्यास पकड लक्षणीय वाढते, परंतु डांबरावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे, म्हणून चांगला पंप जवळ असावा. चासीला पक्के बोल्ट केलेले टोचनाचे हुक पुढे व मागे असावेत. टोचनासाठी साखळी किंवा ट्रेलर जोडायचा बॉल वापरू नये, कारण ताणाखाली तुटलेला लोखंडी तुकडा गोळीसारखा सुटतो.

स्नॉर्केलवर (इंजिनची हवा टपाच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीवर) भिस्त ठेवून पाण्यात उतरणारे दरवर्षी दिसतात. स्नॉर्केल इंजिनला हवा देते, गाडीला वजन देत नाही. पाणी वाहते असेल तर ती तरंगू लागते आणि वाहते. पऱ्या किंवा व्हाळ आधी काठी घेऊन पायी ओलांडून पाहावा, आणि जेथे माणसाला पाय रोवता येत नाही तेथे गाडी घालू नये. साकवावरून (छोट्या पुलावरून) पाणी जात असेल तर थांबावे. कोकणातील पाणी चढते तसेच काही तासांत उतरते. इंजिनने पाणी ओढले असा संशय आला तर सेल्फ मारू नये. डिझेल इंजिनमध्ये पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

समुद्राच्या पुळणीवर गाडी नेण्याचा मोह टाळावा. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि भरतीच्या वेळी रुतलेली गाडी बाहेर काढणे बैलजोडीलाही जमत नाही. मिठाचा संबंध जेट्टीवरही येतो : दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीत चढताना उतरत्या धक्क्यावर भरतीचे पाणी चाकांना लागते.

म्हणून फेरी ओलांडलेल्या दिवशी मुक्कामाला पोहोचल्यावर गोड्या पाण्याचा पाइप आधी गाडीखाली न्यावा, बॉडीवर नंतर. चाकांच्या आतली बाजू, पाट्यांमधल्या फटी, ब्रेकचे पाइप आणि चासीची पोकळी या क्रमाने धुवावे, आणि तळाच्या छिद्रांतून लाल पाणी येणे बंद होऊन स्वच्छ पाणी येईपर्यंत पाइप बंद करू नये.