गार्टर सापात नर कोण, मादी कोण? शेपूट वाचायला शिका

जीवशास्त्राचं पुढचं शिक्षण घ्यायला कॅनडात किंवा अमेरिकेत गेलेल्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत शिरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिला साप येतो तो बहुतेकदा गार्टर साप. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या नार्सिसजवळ चुनखडीच्या खड्ड्यांतून एप्रिलअखेर ते मे महिन्यात हे साप हजारोंनी वर येतात. नवख्याला काम मिळतं ते साप धरायचा, मोजायचा आणि तक्त्यात नर की मादी ते लिहायचं. तिसरी गोष्ट सोपी वाटते. बहुतेक चुका तिथेच होतात.

एक गोष्ट आधीच पक्की करा. गार्टर सापात नर सिद्ध करता येतो, मादी सहसा फक्त अनुमानाने ठरते. नराकडे दाखवण्याजोगा अवयव असतो. मादीच्या बाबतीत मात्र तो ‘दिसला नाही’ एवढंच आपण म्हणू शकतो, आणि न दिसण्याला इतरही कारणं असतात.

आकारावरून अंदाज बांधा, पण नोंद करू नका. पूर्ण वाढलेली मादी नराहून लांब आणि चांगलीच जाड असते. खड्ड्याच्या तोंडाशी एका जाड सापाभोवती दहा-वीस सडपातळ साप गुंतलेले दिसले, तर मधली मादी समजायला हरकत नाही. पण तरुण मादी आणि जुना नर एकाच मापाचे निघतात. वागण्यावरही विसंबू नका. नर मादीच्या पाठीवर हनुवटी घासत तिच्या कातडीवरचा गंध टिपतो आणि त्यावरून तिला ओळखतो. पण नुकत्याच वर आलेल्या काही नरांच्या अंगालाही मादीसारखा गंध असतो आणि इतर नर त्यांच्याभोवती गोळा होतात. मेसन आणि क्रूज या संशोधकांनी 1985 मध्ये हे प्रसिद्ध केलं. तिथे खुद्द नर फसतात, तर आपण काय!

आता शेपूट. साप डाव्या हातात सैल धरा, पोट वर करा आणि गुदद्वारावरचा आडवा खवला शोधा. गार्टरात तो अखंड असतो. आपल्याकडच्या नानेटीत आणि दिवडात तो मधोमध चिरलेला असतो, म्हणून या सापांची सवय असलेला माणूस इथे क्षणभर अडखळतो. या खवल्याच्या मागच्या कडेपासून शेपूट सुरू होते. नराचे दोन हेमिपेनिस, म्हणजे त्याची जननेंद्रियं, आत वळवलेल्या पायमोज्यासारखे शेपटीच्या मुळात बसलेले असतात. त्यामुळे त्याची शेपूट गुदद्वारामागे काही अंतर तितकीच जाड राहते, कधी किंचित फुगीर दिसते आणि मग निमुळती होते. मादीची शेपूट गुदद्वाराशीच बारीक होऊ लागते. वरून पाहून हे नीट कळत नाही. पोटाकडून आणि बाजूने, दोन्हीकडून पाहा. अंगठा व तर्जनीच्या चिमटीत शेपटीचं मूळ हलकेच धरून टोकाकडे सरकवलं तर जाडी कुठे संपते ते बोटांना कळतं. पोटुशी किंवा लठ्ठ मादी इथे घोटाळा करते, कारण तिच्या शेपटीचं मूळही भरलेलं असतं.

त्यासाठी लांबी मोजा. तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत एक माप, तिथून शेपटीच्या टोकापर्यंत दुसरं. नराची शेपूट एकूण लांबीच्या साधारण पाव भाग भरते, मादीची त्याहून थोडी आखूड. समजा, दोघांचं धड 45 सेंटिमीटर आहे. नराची शेपूट 15च्या आसपास, तर मादीची 12-13. फरक एवढाच, म्हणून सापाला ओढून ताणू नका आणि वाकडा असताना मोजू नका. शेपटीखालच्या खवल्यांच्या जोड्याही मोजा. नरात त्या जास्त असतात, पण दोघांचे आकडे मधल्या पट्ट्यात एकमेकांत मिसळतात आणि प्रदेशागणिक बदलतात. इतर संशोधनातला आकडा उचलू नका, आपल्याच ठिकाणच्या सापांवरून तक्ता बनवा.

आणि मोजण्याआधी शेपटीचं टोक पाहा. शाबूत टोकाला काट्यासारखा टोकदार खवला असतो. तो नसेल, टोक बोथट असेल, तर शेपूट तुटलेली आहे. गार्टर सापांत हे सर्रास आढळतं, आणि पालीसारखी ती परत वाढत नाही. तुटक्या शेपटीचा नर लांबीच्या हिशेबात ‘मादी’ ठरतो. याच कारणाने सापाला शेपटीने लटकवायचंही नाही. हिसका बसला की ती हातातच तुटू शकते.

कात मिळाली तर टाकू नका. ओली कात उतरताना लांब ताणली जाते, म्हणून मापं निरुपयोगी. खवल्यांच्या जोड्यांची मोजणी मात्र कातीवर निवांत होते.

नवजात पिल्लांसाठी पॉपिंग, म्हणजे अंगठ्याने हेमिपेनिस बाहेर आणून पाहण्याची पद्धत, वापरतात. गार्टर अंडी घालत नाही, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जिवंत पिल्लं देतो. पिल्लाची लांबी वीतभरही नसते. पोट वर करून शेपूट किंचित मागे वाकवायची, गुदद्वारापासून काही खवले सोडून शेपटीवर अंगठ्याचं पेर टेकवायचं आणि ते गुदद्वाराकडे लोळवत आणायचं. दाबायचं नाही, लोळवायचं. नर असेल तर दोन्ही बाजूंनी गुलाबी-लाल कोंब बाहेर येतात. मादीत गंधग्रंथींची बारीक तोंडं तेवढी दिसतात, आणि नवखा त्यांनाच हेमिपेनिस समजतो. काहीच आलं नाही तर लगेच ‘मादी’ लिहू नका. पिल्लाने स्नायू आवळून धरले असतील. थोडं थांबून एकदाच पुन्हा बघा. मोठ्या सापावर पॉपिंग नको. स्नायू बळकट असतात, जोर लावावा लागतो आणि ऊती चिरडतात.

मोठ्यांसाठी प्रोबिंग, म्हणजे सळई आत सरकवून खोली मोजणं, तेही शिकवणारा शेजारी उभा असतानाच. गोल टोकाची स्टीलची सळई, जाडी सापाला शोभेल इतकी बारीक, पाण्यात विरघळणारं वंगण लावलेली. गुदद्वाराच्या खवल्याखालून, मध्यरेषेच्या जरा बाजूने, शेपटीच्या दिशेने अलगद सरकवायची. अडली की थांबायचं. अंगठ्याच्या नखाने खोली धरून ठेवायची, सळई बाहेर काढून शेपटीवर टेकवायची आणि किती खवल्यांच्या जोड्या होतात ते मोजायचं. मादीत साधारण दोन ते चार जोड्या, नरात सहा किंवा अधिक. पाचावर थांबली तर निकाल नाही. इथे चूक दोन्ही बाजूंनी होते: आवळून धरलेला नर उथळ भरतो, आणि जोर लावला तर मादीत सळई ऊती फोडून खोल जाते. दुसरी चूक जास्त महाग, कारण तक्ताही खोटा आणि साप जखमी. वसंतात मिलनानंतर काही काळ मादीच्या गुदद्वारात जेलीसारखी गुठळी असते. ती नराचीच देण आहे, म्हणजे मादीचा जवळपास पुरावा. तिथे सळई घालायचीच नाही. पोटुशी मादीही वगळा.

दोन सापांमध्ये सळई धुऊन निर्जंतुक करा, हातमोजे बदला; सापांतला बुरशीजन्य रोग उपकरणांवरून पसरू शकतो. गार्टर अंगावर हमखास घाण आणि दुर्गंधी स्राव सोडतो, तेव्हा चांगला शर्ट घरी ठेवा. चावा सहसा किरकोळ, क्वचित सूज येते.

परवाने आधी हातात हवेत. विद्यापीठाच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रांताचा किंवा राज्याचा परवाना, दोन्ही. काही प्रकार कडक संरक्षणात आहेत. सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप 1967 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. सराव म्हणून सुट्टीत गावी येऊन नानेटी धरायचा विचारही करू नका. नातं जवळचं असलं तरी 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली विनापरवाना साप धरणं गुन्हा ठरू शकतं.

तक्त्यात लिंगाच्या शेजारी ‘कशावरून’ असा वेगळा रकाना ठेवा: मुळाचा आकार, लांबी, पॉपिंग की प्रोबिंग. शेपूट शाबूत की तुटकी, तेही लिहा. दोन खुणा जुळत नसतील तर ‘अनिश्चित’ लिहून साप सोडून द्या.