सेंट्रल पार्क ओल्मस्टेडच्या पावलांनी कसं चालावं

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये कोलंबस सर्कलकडून, म्हणजे नैर्ऋत्य कोपऱ्यातून, आत शिरू नका. पहिल्या खेपेला मी तिथूनच शिरले होते. सिनेमात दिसलेल्या जागांचे फोटो काढत दोन तासांत बाहेर आले आणि घरी येऊन म्हटलं, ठीक आहे, मोठी बाग आहे. माझं माहेर उरुळी कांचनकडचं, घरची रोपवाटिका. गेली एकोणीस वर्षं मी न्यू जर्सीत लोकांच्या अंगणांत बागा करून देते. तरीही त्या दिवशी मला ती बाग दिसलीच नव्हती. ती दिसली माहेरहून आबा आले तेव्हा, आणि ती करणाऱ्या ओल्मस्टेड या माणसाबद्दल वाचून झाल्यावर. म्हणून सांगते, आधी थोडं त्याच्याविषयी वाचा.

फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड 1822 साली कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जन्मला. लहानपणी विषारी सुमॅकच्या झाडामुळे डोळे बिघडले आणि कॉलेजचं शिक्षण राहिलं. मग दुकानात कारकुनी केली, 1843 मध्ये जहाजावर खलाशी होऊन चीनला गेला, आजारी होऊन परतला. पुढे स्टेटन आयलंडला शेती केली, अमेरिकेच्या दक्षिणेत हिंडून गुलामगिरीवर वर्तमानपत्रासाठी लिहिलं, प्रकाशनाच्या धंद्यात उतरला आणि तोही बुडाला. पस्तिशीपर्यंत असा कशातच स्थिरावला नव्हता. पण स्टेटन आयलंडची शेती नीट बघा. तिथे त्यानं पेअरच्या रोपांची नर्सरी केली होती, म्हणजे तो आमच्यातलाच. आणि घरासमोरची गोठे-कोठारं त्यानं टेकाडाआड हलवली, गाडीवाट वळवून घेतली. कामाची गोष्ट जागेवर हवी, पण नजरेआड. हे एवढं लक्षात ठेवलंत की पुढचा अर्धा पार्क आपोआप समजतो.

1850 साली त्यानं इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळचा बर्कनहेड पार्क पाहिला. बाग राजाची नाही, सरदाराची नाही, सगळ्यांची. त्याच्या मनात ते पक्कं बसलं. 1857 मध्ये तो सेंट्रल पार्कच्या कामावर देखरेखीला लागला आणि 1858 मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉ या वास्तुरचनाकारासोबत त्यानं केलेला ‘ग्रीनस्वॉर्ड’ आराखडा स्पर्धेत पहिला आला. व्हॉचं नाव लोक विसरतात, ते मला खटकतं. स्पर्धेत उतरू या असं ओल्मस्टेडला म्हणाला तोच, आणि बागेतले बहुतेक पूल-कमानी त्याच्याच हातच्या.

आता निघू या. एप्रिलअखेर किंवा ऑक्टोबरचा शेवट निवडा, सकाळी लवकर. पायात चालायचे बूट, पाण्याची बाटली, पोळी-भाजीचा डबा. वाट चुकलात तर फोन काढायची गरज नाही. दिव्याच्या खांबावर चार आकडे असतात. दक्षिण भागात पहिले दोन म्हणजे जवळच्या रस्त्याचा नंबर. शेवटचा आकडा सम असेल तर तुम्ही पूर्वेला, विषम असेल तर पश्चिमेला.

आत शिरा ते 59 वा रस्ता आणि फिफ्थ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यातून. वाट लगेच खाली उतरते, तळ्याकडे. इथे बोलणं थांबवा आणि फक्त ऐका. मागे हॉर्न, बसचे ब्रेक. थोडं उतरलात की तो गलका वर राहतो. तळं सखल ठेवलंय आणि काठावर झाडी दाट. गावातून माणूस बाहेर पडला हे त्याला सांगावं लागू नये, पायांनीच कळावं, असं ते काम आहे.

तिथून मॉल नावाच्या रुंद वाटेकडे या. एवढ्या वळणदार बागेत मोठी सरळ वाट ही एकच. दोन्ही बाजूंना अमेरिकन एल्म, फांद्या वर जाऊन एकमेकींत मिळालेल्या. दक्षिण टोकाला ओल्मस्टेडच्या नावाचा फुलांचा वाफा आहे. त्याला स्वतःला मात्र असे रंगीत, मिरवणारे वाफे पसंत नव्हते. वाट संपते तिथे बेथेस्डा टेरेस, पायऱ्यांचा दगडी चौक. खाली उतरताना जेकब रे मोल्डच्या नक्षीतले कोरीव पक्षी आणि फळं बघा. इथे गर्दी असते. मी फार थांबत नाही.

बो ब्रिज ओलांडून रॅम्बलमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या वाटांच्या झाडीत, शिरलात की पुरेसा वेळ ठेवा. इथे आबा माझ्यासोबत होते. गुडघ्यामुळे दर वळणावर टेकायचे. मी त्यांना सांगितलं, की 1860 मध्ये घोडागाडीतून फेकला जाऊन ओल्मस्टेडची मांडी मोडली, त्यानंतर थोड्याच दिवसांत तान्हं बाळही गेलं, आणि तरी तो माणसांकरवी स्वतःला उचलून आणवून कामावर नजर ठेवत होता. पुढे जन्मभर लंगडला. आबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं एका खडकाजवळ वाकून त्यांनी मूठभर माती घेतली, चुरली, वास घेतला.

“ही हितली न्हाई,” म्हणाले. “कातळावर एवढी काळी माती कुठनं येईल?”

बरोबर होतं. मॅनहॅटनचा हा पट्टा खडकाचा आणि दलदलीचा. सुरुंगांनी कातळ फोडले, जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या आणि सुपीक माती नदीपलीकडून, आमच्या न्यू जर्सीतून आणली. तळी खोदलेली, ओढे सोडलेले. 843 एकरांत आपोआप झालेलं फार थोडं. आबांनी मग विचारलं, “पोरी, मग ही झाडं लावलेली का उगवलेली?” पन्नास वर्षं रोपं विकलेल्या माणसाला हे विचारावंसं वाटलं, यापेक्षा ओल्मस्टेडची मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

रॅम्बलच्या उत्तरेला बेल्व्हेडियर कॅसलच्या खडकावर चढा. तुमच्या पायांखालून 79 व्या रस्त्याची गाड्यांची वाट जाते, खडक पोखरून. स्पर्धेची अटच होती, की बागेतून चार आडवे रस्ते गेले पाहिजेत. ओल्मस्टेड आणि व्हॉनं ते जमिनीखाली उतरवून भिंतींमध्ये घातले आणि वर झाडं लावली. घोड्यांच्या काळातला हा विचार आज बस आणि ट्रकलाही पुरतो. गोठे टेकाडाआड हलवणारा शेतकरी आठवला ना?

पश्चिमेला 82 ते 89 व्या रस्त्यांदरम्यान न चुकता जा. इथे सेनेका व्हिलेज होतं. 1825 पासून कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमिनी विकत घेऊन वसवलेलं गाव; चर्च, शाळा, सुमारे सव्वादोनशे माणसं. बागेसाठी 1857 मध्ये ते उठवलं. जागेचा निर्णय ओल्मस्टेड येण्याआधीचा आहे, पण बागेचं सौंदर्य सांगायचं आणि हे गाळायचं, हे मला जमत नाही. धरणाखाली गेलेल्या गावांची माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. पाहुण्यांना इथे थांबवलं की त्यांना फार समजवावं लागत नाही.

डबा इथेच खा. दमलात तर खुशाल घरी जा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी, सबवेच्या बी किंवा सी गाडीनं 103 व्या रस्त्याला उतरून. मधल्या रिझर्व्हॉयरला, म्हणजे मोठ्या जलाशयाला, फेरी मारायची गरज नाही.

103 व्या रस्त्याशी ‘पूल’ नावाचं तळं आहे. त्याच्या पूर्व टोकानं पाण्याबरोबर चालत राहा, उतारानं, घळीत. छोटे धबधबे लागतात, वर गर्द झाडी. पाणी शहराच्या नळाचं, पण धबधब्याला दगड असे बसवलेत की पावसाळ्यातल्या ताम्हिणीची आठवण यावी. इथे माणसं कमी असतात. मला विचाराल तर अख्ख्या बागेत ओल्मस्टेड सर्वांत जास्त इथेच भेटतो. कॅलिफोर्नियातल्या यॉसेमिटी खोऱ्याच्या जतनासाठी 1865 मध्ये अहवाल लिहिणारा, नायगाराचा काठ दुकानदारांच्या हातून सोडवण्यासाठी झगडणारा हा माणूस. ज्यांना तिथवर जाणं परवडणार नाही त्यांच्यासाठी त्यानं शहरातच एक घळ करून ठेवली.

हे आवडलं तर पुढच्या सुट्टीत ब्रुकलिनचा प्रॉस्पेक्ट पार्क करा. ग्रँड आर्मी प्लाझाकडून बोगद्यासारख्या कमानीतून आत जा. काळोखातून एकदम लाँग मेडोचं मोकळं कुरण समोर येतं. ओल्मस्टेड आणि व्हॉ या दोघांनी 1866 पासून तो पार्क केला, तेव्हा हात चांगलाच बसलेला होता. बॉस्टनला गेलात तर ब्रुकलाइनमधलं त्याचं घर आणि ऑफिस बघता येतं.

घळीच्या शेवटी हडलस्टोन कमान लागेल. भलेमोठे ओबडधोबड धोंडे नुसत्या वजनावर एकमेकांना धरून आहेत, वरून गाड्यांसाठी केलेला रस्ता जातो. आबा कमानीखाली थांबले, काठी माझ्याकडे दिली आणि दोन धोंड्यांच्या फटीत अंगठा घालून चुना शोधू लागले. एका फटीत, मग दुसरीत. तुम्हीही शोधून बघा, मग ओढ्याकाठानं हार्लेम मीर या तळ्यापर्यंत चालत जा; 110 व्या रस्त्याला गाडी मिळते.